पुन्हा येणारी रात्र : मराठी ख्रिस्ती आत्मकथन आणि मनाचे दोलन

कुकडी नदीच्या काठी वसलेल्या ओझरच्या (ता. जुन्नर) विघ्नेश्वराची कथा अष्टविनायकांच्या यात्रेकरूंना ठाऊक असते. अभिनंदन राजाचा यज्ञ मोडण्यासाठी इंद्राने विघ्नासुराला निर्माण केले. त्या असुराने एका यज्ञावर न थांबता सगळीच सत्कर्मे उधळून लावली. अखेर गणपतीने त्याला जिंकले. येथवर ही कथा पुराणांतील इतर असुरकथांसारखीच आहे. पण हा असुर मारला जात नाही. तो शरण येतो, आणि जेथे गणेशाचे पूजन-स्मरण चालते तेथे त्याने फिरकू नये, या अटीवर त्याला जीवदान मिळते. जाताना तो एक मागणेही मागतो : देवाच्या नावाआधी आपले नाव लागावे. देव ते मान्य करतो. 'विघ्नहर' आणि 'विघ्नेश्वर' ही दोन्ही नावे ओझरला एकाच अर्थाने वापरली जात असली, तरी त्यांच्यात एक सूक्ष्म भेद आहे. पहिल्या नावात विघ्न नाहीसे होते. दुसऱ्यात ते उरते आणि देवाच्या सत्तेखाली नांदते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायातही अशीच एक न सुटलेली पीडा आहे. शरीरातील काटा निघून जावा म्हणून पौल तीनदा विनवणी करतो. काटा निघत नाही. त्याला मिळते ती केवळ कृपा पुरेशी असल्याची ग्वाही. या दोन संहितांमध्ये ऐतिहासिक नाते शोधण्याचे कारण नाही. दोहोंना एक गोष्ट मान्य आहे, एवढेच येथे नोंदवायचे : काही पीडा श्रद्धेने नाहीशा होत नाहीत, आणि त्या नाहीशा झाल्या नाहीत म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. असे असूनही मराठी ख्रिस्ती लेखनाने, निदान त्याच्या प्रधान प्रवाहाने, जी कथनरूपे घडविली ती एकदाच होणाऱ्या सुटकेची होती. जी पीडा जाते आणि पुन्हा येते, तिच्यासाठी या लेखनात कोणती जागा होती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा पीडांत आज ज्याला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात त्याचा विचार प्रथम करावा लागतो. मन काही काळ विलक्षण उचंबळते. झोप नकोशी होते, बोलणे आणि बेत आवरेनासे होतात, पैसा हातात राहत नाही. पुढे केव्हातरी तेच मन खोल खचते, आणि मधल्या काळात माणूस चारचौघांसारखा वागतो. १८५४ साली पॅरिसमध्ये फालरे आणि बैयार्झे या दोन वैद्यांनी या आवर्तनाचे जवळजवळ एकाच वेळी वर्णन केले. फालरेने त्याला 'वर्तुळाकार वेड' म्हटले. १८९९ मध्ये क्रेपेलिनने उन्माद आणि अवसाद एकाच आजाराखाली आणले. १९५७ मध्ये लिओनार्डने ध्रुवांची परिभाषा रूढ केली आणि १९८० पासून अमेरिकन मनोविकारशास्त्राने ती अधिकृतपणे स्वीकारली. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखविला, तेव्हापासून या आवर्तनाला पुष्कळ अंशी लगाम घालता येऊ लागला. मात्र औषध बहुधा दीर्घकाळ, अनेकदा जन्मभर घ्यावे लागते. फालरेचा जुना शब्द साहित्याच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी आहे, कारण तो या आजाराचे कालरूप सांगतो. हा आजार अवस्थेपेक्षा अवस्थांच्या क्रमाचा आहे. म्हणजे तो मुळातच कथनाचा प्रश्न आहे.

मराठीला वेडाचे शब्द कमी नाहीत. वेड, पिसे, खूळ, चळ, भ्रम, छंद हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात (१८३१) एकत्र ठेवून पाहिले तर त्यांच्या छटांची श्रीमंती कळते. त्यांतले पुष्कळ शब्द भक्तिपरंपरेने उजळून घेतलेले आहेत. महानुभावांच्या गोविंदप्रभूंना रिद्धपूरचे लोक वेडे आणि पिसे म्हणत, आणि त्यांच्या चरित्रकारांनी ते वेडेपण लपवले नाही. उलट तेच अवताराचे चिन्ह म्हणून बारकाईने नोंदवले. हे मराठी गद्याचे मोठेच धैर्य होय. परंतु हे दैवी वेड नित्य असते. ते येत नाही नि जात नाही, आणि ज्याला ते आहे त्याला त्याचे दुःख नसते. ज्याला सकाळी उठवत नाही, ज्याला स्वतःच्याच कालच्या आनंदाची लाज वाटते, त्याच्या उपयोगी ते फारसे पडत नाही.

ओझर ज्या जुन्नर तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकारामांना स्वप्नात अनुग्रह देणारे गुरू ते हेच, अशी वारकऱ्यांची धारणा आहे. नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आलो असे आग्रहाने मांडले, म्हणून या भूगोलाला आपल्या विषयात जागा आहे. तुकारामांच्या अभंगांत दुष्काळ आहे, मृत्यू आहे, स्वतःविषयीची घृणा आहे, देवाशी उघड भांडण आहे आणि तितकाच अनावर आनंदही आहे. गाथेत हे अभंग कालानुक्रमाने लावलेले नाहीत. त्यामुळे आशेनंतर निराशा आणि निराशेनंतर पुन्हा आशा, असा अनुभव वाचकाला येत राहतो. चरित्रकारांनी व अभ्यासकांनी मात्र या अभंगांतून साधकावस्थेकडून सिद्धावस्थेकडे जाणारी एक चढती रेषा काढली. गाथा स्वतः त्या रेषेला फारशी दाद देत नाही.

मिशनरी मराठीचा आरंभही वेडाच्या सान्निध्यात झाला आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात क्वचितच सांगितली जाते. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आला तो पत्नी डोरोथीच्या मनाविरुद्ध. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला आणि त्यानंतर डोरोथीचे मानसिक संतुलन ढळले. नवऱ्यावर व्यभिचाराचा संशय हा तिच्या भ्रमाचा गाभा होता. १८०७ मध्ये मरेपर्यंत ती बव्हंशी कोंडलेल्या अवस्थेत राहिली. वेड्यांच्या इस्पितळात तिला ठेवण्याचा सल्ला केरीने मानला नाही. याच वर्षांत, १८०५ मध्ये, त्याचे मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर छापले गेले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने कोशाचे काम पुढे चालू होते. डोरोथीचा आजार दोलनाचा नव्हता. त्याची जात निराळी. पण ज्या घरात मुद्रित मराठीची घडण होत होती, त्याच घरातला हा आवाज त्या मराठीत कोठेच उतरला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

भाषांतरित बायबलमध्ये तरी काय मिळते? मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूपुढे आणलेल्या रुग्णांची यादी आहे. तीत भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती हे वेगवेगळे मोजले आहेत. मधल्या शब्दाचे मूळ ग्रीक रूप चंद्राशी जोडलेले आहे : चंद्राने झपाटलेले, म्हणजे ठरावीक काळाने उसळणाऱ्या व्याधीचे. सर्व मनोव्याधी म्हणजे भूतबाधा असे समीकरण जे मांडतात त्यांना शुभवर्तमानाच्या या एका वाक्याचाही आधार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय २६) फेस्त पौलालाच वेडा ठरवतो, आणि मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूच्या माणसांना तोच भ्रमिष्ट झाल्यासारखा वाटतो. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते; इतर विलापस्तोत्रांत शेवटी येणारे आश्वासक वळण त्यात नाही. म्हणजे मूळ ग्रंथात जागा होती. ती मराठी ख्रिस्ती गद्याने सहसा वापरली नाही.

याचे कारण श्रद्धेपेक्षा वाङ्मयप्रकारात अधिक आहे. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' (१८८८) हे नावच पाहावे. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने मागे वळून आपल्या आयुष्याला दिलेला हा आकार आहे : रात्र, पहाट, दिवस. ग्रंथ प्रामाणिक आहे, माहितीने समृद्ध आहे, आणि मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के आहे. पण पहाट एकदाच होते, हे त्याच्या रचनेचे गृहीत आहे. धर्मांतर-कथनाचे हे प्रारूप पुढे उपासनेतल्या 'साक्ष' देण्याच्या रिवाजात झिरपले. साक्षीचे व्याकरण ठरलेले असते : मी असा होतो, अमुक दिवशी प्रभू भेटला, आता मी तसा नाही. साध्या भूतकाळातील ही क्रियापदे एका घटनेवर थांबतात. पंडिता रमाबाईंच्या १९०७ च्या इंग्रजी साक्षीत हे प्रारूप किंचित हलले आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही काही वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्या मांडतात. म्हणजे त्यांच्या आयुष्यात दोन पहाटा आहेत. तरी दिशा एकच आहे. ज्याची रात्र पहाटेनंतर परत येते अशा श्रद्धावंताला ही साक्ष देता येत नाही. त्याने बरे वाटताना ती दिलीच, तर पुढच्या खचण्याच्या वेळी तीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते.

विल्यम कूपर या इंग्रज कवीच्या बाबतीत नेमके हेच घडले. १७६३ मध्ये सरकारी पदाच्या चौकशीच्या धास्तीने त्याचे मन ढळले, त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले. सेंट ऑल्बन्स येथील डॉ. कॉटन यांच्या रुग्णालयात असताना १७६४ मध्ये त्याला श्रद्धेचा साक्षात्कार झाला. त्याने लवकरच त्याची हकीगत लिहिली, आणि ती रीतीप्रमाणे प्रकाशात संपवली. १७७३ मध्ये रात्र परतली. देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे असे त्याला एका स्वप्नातून वाटले आणि ही खात्री शेवटपर्यंत गेली नाही. चर्चला जाणे त्याने सोडून दिले. जॉन न्यूटनबरोबर रचलेली त्याची भक्तिगीते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ती गाण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशा समजुतीत त्यांचा कर्ता जगत होता. १७८७ आणि १७९४ मध्ये आजार पुन्हा उलटला. असे असूनही याच वर्षांत त्याने इंग्रजीतील अत्यंत वाचनीय पत्रे लिहिली. त्यांत पाळलेले ससे आहेत, बाग आहे, हवामान आहे, शेजारीपाजारी आहेत. साक्षीचा शेवट कूपरला पेलला नाही. पत्राला शेवट लागत नाही. उद्या दुसरे पत्र असते. त्याच्या आजाराला आज कोणते नाव द्यावे याविषयी मतभेद होऊ शकतात, पण कोणत्या वाङ्मयप्रकारात तो जगू शकला याविषयी होऊ नयेत.

मराठीत ही जागा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने (१९३४-३६) मिळवून दिली. या ग्रंथाविषयी 'निरागस', 'घरगुती', 'सहजसुंदर' ही विशेषणे मराठी समीक्षेने इतक्या सैल हाताने वापरली आहेत की त्याच्या रचनेकडे पाहण्याची गरज कुणाला फारशी भासली नाही. ग्रंथाचा आरंभच एका मनोव्याधीने होतो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी दिले गेले, आणि त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेले धान्य, मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात येत नसे. या वेडाचा जाच बायकामुलांना किती झाला हे लेखिका सांगते, आणि त्यातली हास्यास्पदताही सोडत नाही; तरी वडिलांचा न्यायनिवाडा करत नाही. धर्माचा आशय घेऊन आलेल्या व्याधीचे इतके रोखठोक चित्र त्यापूर्वीच्या मराठी गद्यात सापडणे कठीण आहे. ही व्याधी ब्राह्मणी घरातली आहे. पुढे ख्रिस्ती झालेल्या घरातल्या अस्वस्थतेकडे लेखिका त्याच नजरेने पाहते, हे या ग्रंथाचे विशेष. धर्म बदलला तरी पाहणारीचा डोळा बदलत नाही.

टिळकांचे जे चित्र येथे उभे राहते ते सर्वपरिचित आहे : अनावर संताप आणि लगेच पश्चात्ताप, न सांगता घर सोडून जाणे आणि तसेच परतणे, असेल ते देऊन टाकणे, नवनव्या बेतांचा झपाटा, एका गावी, एका नोकरीत न टिकणे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची काही वर्षे पती-पत्नी विभक्त राहिली. या काळात लक्ष्मीबाई दुःखाने पार खचल्या, आणि याच काळात त्यांच्या काव्यलेखनाची सुरुवात झाली. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. रूढ साक्षीच्या हिशेबाने येथे कथा संपायला हवी होती. पण 'स्मृतिचित्रे'त बाप्तिस्मा हा शेवट नाही. त्यानंतरही टिळक रागावतात, निघून जातात, परत येतात. घरात पोरकी मुले येतात, कवी येतात, पैसा येतो आणि जातो.

येथे मराठी व्याकरणाची एक सोय लेखिकेच्या कामी आली आहे. मराठीला रीतिभूतकाळ आहे : करी, जाई, येई, म्हणे, करीत, जात, येत. एकदा घडून गेलेली क्रिया आणि घडत राहणारी क्रिया यांतला भेद या रूपांनी एका अक्षरात साधतो. इंग्रजीला तेथे जास्तीचे शब्द खर्च करावे लागतात. साक्षीचे गद्य साध्या भूतकाळावर चालते. घरातल्या आठवणींचे गद्य रीतिभूतकाळाकडे पुन्हापुन्हा वळते. जे वारंवार होई ते वारंवार होई म्हणून सांगणे, त्याला शेवट न लावणे आणि तरी एकेका प्रसंगाला त्याचा स्वतःचा अर्थ असू देणे, हे या गद्याला जमते. 'चित्रे' हा शब्दही या दृष्टीने सार्थ आहे. चित्रे शेजारी शेजारी लावता येतात. एक चित्र दुसऱ्याला खोडून काढत नाही. रागाचे चित्र आणि करुणेचे चित्र एकाच भिंतीवर राहते.

मग टिळकांना हा आजार होता काय? हा प्रश्न समीक्षेने विचारू नये असे नाही, पण त्याचे उत्तर संहितेतून काढू नये. स्वभाव, काळाची पुरुषी रीत, दारिद्र्य, बालपणीचा बापाचा जाच आणि अकाली झालेला आईचा मृत्यू अशा अनेक कारणांचा पीळ त्या वर्तनात आहे. मृत माणसाला रोगाचे नाव दिल्याने त्याचे काही बिघडत नाही, पण त्याच्या काव्याचे आणि त्याच्या पत्नीच्या सोसण्याचे बिघडते. काव्य लक्षणांत जमा होते आणि सोसणे शुश्रूषेत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारला, त्यालाही मग उन्मादाचे नाव देता येईल. ते देणे चुकीचे ठरेल. श्रद्धेचा आशय कितीही धाडसी असला तरी तो आजाराचे लक्षण होत नाही. झोप, विवेक, काम आणि नाती यांची पडझड हे आजाराचे गमक आहे. देवाविषयी माणूस काय म्हणतो हे नव्हे.

बालकवींच्या बाबतीत आपल्या समीक्षेने उलट दिशेची चूक केली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या नगरच्या घरात राहिलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांच्या कवितेत निर्भर आनंद आणि गडद उदासी यांचे टोकाचे दोलन आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या उदासीला समीक्षकांनी कधी प्रतिभेची लहर म्हटले, कधी तत्त्वचिंतन. दुःखाला दुःख म्हणायचे आपण टाळले. टिळकांच्या घरी त्यांच्या लहरी होत्या तशा सांभाळल्या गेल्या, रुसून जाण्या-येण्यासकट. आणि लक्ष्मीबाईंनी त्या होत्या तशाच लिहिल्या.

फुकोच्या १९६१ च्या ग्रंथानंतर वेडाचा इतिहास म्हणजे कोंडवाड्यांचा इतिहास असे समीकरण आपल्याकडेही रूढ होऊ पाहते. महाराष्ट्रात ते पुरते लागू पडत नाही. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, कुलाबा, येरवडा येथे इस्पितळे आली, ठाण्याचे १९०१ मध्ये सुरू झाले. तरी बहुसंख्य मनोरुग्ण घरातच राहिले, सांभाळले गेले, छळले गेले किंवा देवळांत-दर्ग्यांत नेले गेले. म्हणून येथे वेडाचे दफ्तर सरकारी नोंदींपेक्षा घरातल्या बायकांच्या आठवणींत सापडते.

उंचावलेल्या मनाचा प्रश्न मात्र घरापेक्षा उपासनेत अधिक बिकट होतो. पुणे जिल्ह्यातच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात मुलींचे रडणे, मोठ्याने प्रार्थना, अंगात अग्नी संचारल्याची भावना आणि मग हर्ष अशा गोष्टी घडल्या. काही मिशनऱ्यांना ते रुचले नाही. रमाबाईंनी त्याचे समर्थन केले. दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचलेल्या मुलींना सामूहिक रडण्याची मुभा मिळणे ही काही व्याधी नव्हे, हे रमाबाईंना टीकाकारांपेक्षा चांगले कळले होते. पण ज्या मंडळीत हर्ष हे आत्म्याचे चिन्ह ठरते, तेथे उन्मादात शिरणाऱ्या माणसाला आजार सुरू झाल्याचे कुणी सांगत नाही. त्याच्या जागरणाला जागृती म्हटले जाते. तोच माणूस महिन्याभराने खचला की त्याच्या प्रार्थनेत उणीव शोधली जाते, आणि गोळी घेणे ही अश्रद्धा ठरते. चढताना ज्याला संत म्हटले त्याला उतरताना पापी म्हणण्याची ही रीत एकाच चुकीची दोन टोके आहेत. असा माणूस देवाजवळ राहू इच्छितो आणि औषधाची वेळही चुकवू इच्छित नाही. ओझरच्या असुरासारखी त्याची व्याधी अटींवर दूर राहते : वेळेवर झोप, वेळेवर गोळी, जवळच्या माणसाचे लक्ष. या जगण्याची साक्ष रीतिभूतकाळात आणि चालू वर्तमानकाळात द्यावी लागेल, आणि तशी साक्ष ऐकण्याचा कान अजून पुरेसा तयार नाही.

टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा त्याचे अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि काव्य १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग लिहिता लिहिता २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. तो भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पुरा केला.